मदत हवी आहे: पीएचपीतच मुरावे की पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेकडे वळावे?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी मी हिशेबाची सॉफ्टवेअर तयार करतो. सूत किती आले, कोणत्या मागावर किती माल उतरला, जीएसटीसह बिल किती झाले, हे सारे पीएचपी आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालते. पीएचपी 7.4 चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर 2022 मध्येच संपल्यामुळे जुना कोड पीएचपी 8 वर नेणे आता टाळता येणार नाही, आणि एवढी उलथापालथ करायचीच असेल तर पायथॉन व जँगोमध्ये (पायथॉनमधील वेब-प्रणाली बांधण्याची तयार चौकट) सारे नव्याने का लिहू नये, असा विचार मनात घोळतो आहे. (कारखानदारांना अर्थात भाषेशी काही देणेघेणे नाही, त्यांना बिल वेळेवर छापून हवे असते.)

माझा कल पीएचपीकडेच आहे, कारण 8.1 मधील एनम (ठरावीक पर्यायांची यादी), रीडओन्ली प्रॉपर्टी (एकदा भरल्यावर न बदलणारे मूल्य) यांसारख्या सोयी मी अजून पुरत्या वापरलेल्याही नाहीत. मात्र एका ग्राहकाला सणासुदीच्या मागणीचा अंदाज हवा आहे, आणि त्यासाठी पायथॉनमधील पँडाज ही आकडेवारी हाताळणारी लायब्ररी अधिक सोयीची वाटते. चालू प्रणाली पीएचपीत ठेवून केवळ हा भाग पायथॉनमध्ये लिहिला आणि दोन्हींनी एकच डेटाबेस वापरला, तर एकट्या माणसाला त्याची देखभाल झेपेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.