शेगडी रात्रभर खोलीत नको
नाताळच्या सुट्टीत पोरं आजोळी आली की रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवावी, ऊब राहते, असं कुणी कुणी सुचवतं. कळकळीनं सांगते, असं करू नका. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची थंडी मला ठाऊक आहे. पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो. त्याला ना रंग ना वास. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्याला जागच येत नाही.

आमच्या काकूंनी एकदा शेगडी उशाशी घेतली होती. निखाऱ्यांवर राख साचलेली, धूर अजिबात नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. पहाटे डोकं जड, ओकाऱ्या. आम्हाला वाटलं पित्त. अंगणात आणलं, दवाखान्यात नेलं, म्हणून वाचल्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा नको, अशा वेळी तो आकडा चांगलाच दाखवतो. आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ लावा. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरचंही तेच.