मदत हवी आहे: ग्रेनाडा-बार्बाडोस, मायामीचा लेओव्हर आणि सोबत सासू-सासरे

साखरभात

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत, २० ते २७ डिसेंबर, कॅरिबियनला जायचं घाटतंय. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे अशी पाच माणसं. तिकिटं कार्टमध्ये घालून बसले आहे, पण बटण दाबायचा धीर होत नाहीये. जाणकारांनी जरा नजर टाकावी.

ग्रेनाडा आणि बार्बाडोस ही दोन बेटं काढायचं कारण म्हणजे भारतीय पासपोर्टला दोन्हीकडे आधी व्हिसा काढावा लागत नाही. दुसरं कारण आई. ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे हे त्यांना कुठेतरी कळलं, आणि तेव्हापासून "श्रीखंडात घालतो ते झाडावर कसं दिसतं ते बघायचंय" हे पालुपद चालू आहे.

जाताना नेवार्क-मायामी-ग्रेनाडा, मायामीला १ तास १० मिनिटं. मग ग्रेनाडाहून बार्बाडोसला एका छोट्या कंपनीचं पंख्याचं विमान, त्याचं तिकीट वेगळं. येताना बार्बाडोस-मायामी-नेवार्क, मायामीला १ तास २५ मिनिटं, आणि नेवार्कचं ते विमान त्या दिवसातलं शेवटचं. जातायेतानाची मोठी विमानं एकाच कंपनीची, एकाच तिकिटावर आहेत.

मुख्य प्रश्न हा की मायामीचा वेळ पुरेल का? आईंचे दोन्ही गुडघे दुखरे, व्हीलचेअर लागणारच. छोट्या विमानात व्हीलचेअरच्या माणसाला कसं चढवतात? बॅगा किती नेऊ देतात?

व्हिसाचं म्हणाल तर माझा एचवनबी (नोकरीच्या व्हिसाचा) स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टमधला व्हिसा, चालू आहे. नवऱ्याचा मार्चमध्ये संपला, पण एक्स्टेन्शन मंजूर होऊन आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र, आलेलं आहे. त्याच्या ऑफिसातला एक जण असाच संपलेल्या स्टॅम्पवर बार्बाडोसला जाऊन आला. तीस दिवसांच्या आत परतलं की चालतं म्हणे, त्यामुळे ती काळजी नाही. सासू-सासरे बी-२ वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर आहेत, आय-९४ (इथे राहायच्या मुदतीची नोंद) फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बाबांचा हिशोब असा की बाहेर जाऊन आलं की परत येताना नवे सहा महिने मिळतील. तसं होतं का?

लेक अमेरिकन नागरिक, तिचा पासपोर्ट आहे. आगाऊ धन्यवाद!

तळ्यात_मळ्यात

मायामीबद्दल मी बोलतो, इथलाच आहे.

जाताना काळजी नको. अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनची खिडकी नसते, बॅगा नेवार्कला टाकल्या की थेट ग्रेनाडाला निघतात. तुम्हाला फक्त एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचंय. टर्मिनल लांबच लांब आहे, पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस बरोबर असला की तोच रस्ता दाखवतो. नेवार्कचं विमान वेळेवर सुटलं तर १ तास १० मिनिटं पुरतात.

येतानाची गोष्ट निराळी. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच सगळं होतं. आधी इमिग्रेशनची रांग. मग पट्ट्यावर बॅगा यायची वाट. त्या उचलून कस्टममधून बाहेर, पुन्हा बेल्टवर टाकायच्या, मग सिक्युरिटी नव्याने, आणि मग गेट. बॅगेवर नेवार्कचा टॅग असला तरी ती मायामीत आपल्याच हाताने उचलून द्यावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लोक टॅग बघून निर्धास्त पुढे जातात आणि बॅग पट्ट्यावर गोल गोल फिरत राहते.

मोबाइल पासपोर्टचं ॲप तुमच्या लेकीला चालेल, तुम्हा चौघांना नाही. नाताळच्या आठवड्यात दुपारी बेटांवरची विमानं एकामागोमाग एक उतरतात. १ तास २५ मिनिटांत, पाच माणसं, एक व्हीलचेअर, आणि पुढचं विमान शेवटचं? मी तरी घेणार नाही. तीन तास ठेवा. एकच तिकीट असल्याने विमान चुकलं तर कंपनी पुढच्यावर बसवेल हे खरं, पण त्या आठवड्यात पुढच्या विमानात पाच रिकाम्या जागा एकत्र मिळणं कठीण.

रिकामटेकडा

वरच्याला अनुमोदन. मधल्या छोट्या विमानाबद्दल माझी भर.

बेटाबेटांतली ही विमानसेवा म्हणजे आपल्या एसटीसारखी. येते नक्की, पण थांब्यावर जाऊन उभं राहायचं आणि घड्याळाकडे बघायचं नाही. पूर्वी त्या भागात एलआयएटी नावाची कंपनी होती. त्या आद्याक्षरांचं "लीव्ह आयलंड एनी टाइम" असं लोकांनी करून ठेवलं होतं. ती जुनी कंपनी २०२० मध्ये बुडाली, पण वेळापत्रकाचा स्वभाव फारसा बदललेला नाही. त्यामुळे वेगळ्या तिकिटाचं छोटं विमान आणि घरी यायचं मोठं विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. तुमच्या आराखड्यात मधे बार्बाडोसचा मुक्काम आहे, तेवढं बरं केलंत.

एटीआर, म्हणजे अशा पंख्याच्या छोट्या विमानाला जिन्यानेच चढावं लागतं. त्याच्या पायऱ्या थोड्या असल्या तरी उंच वाटतात. आई दोन्हीकडे धरून चार-सहा पायऱ्या चढू शकतील का, हे आधी विचारून घ्या आणि तिकीट काढतानाच तशी नोंद करा. बॅगांचं वजन मोठ्या कंपनीपेक्षा कमी धरतात आणि जादा वजनाचे पैसे काउंटरवर रोख वाजवून घेतात.

निवडुंग

साखरभात, कृपया बटण दाबू नका. लेओव्हरची चर्चा चालू द्या, पण तुमची खरी अडचण व्हिसाच्या परिच्छेदात आहे.

संपलेल्या स्टॅम्पवर तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे तिला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. ती सर्वांना सारखी नाही. एचवनबी, एच-४ (एचवनबीवाल्यांचे जोडीदार-मुलं) वगैरे मंडळींना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती मिळते फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले. तुमच्या मिस्टरांचा सहकारी बहुधा एफ-१ वर, ओपीटीत (विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) असेल. तो खोटं बोलत नाहीये, त्याच्यासाठी नियमच वेगळा होता.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत काय होईल? ग्रेनाडात आणि बार्बाडोसमध्ये त्यांना सुखाने घेतील. अडेल ते परतताना. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन, तिथल्या चेक-इन काउंटरवर व्हिसा बघितला जातो. आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे, त्यावर विमानात बसवत नाहीत. आणि तिथल्या अमेरिकन वकिलातीत स्टॅम्पिंग करून घेऊ म्हणाल तर तोही मार्ग बंदच समजा. सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या देशात किंवा तो जिथला रहिवासी आहे तिथेच अर्ज करावा असं धोरण आहे. म्हणजे ब्रिजटाऊनहून सरळ भारत, आणि तिथे अपॉइंटमेंटची वाट.

क्रूझचंही तेच. परदेशी बंदराला लागली की हाच नियम लागू.

बाबांच्या हिशोबाबद्दल: जवळच्या बेटांवर थोडे दिवस जाऊन आल्यावर नवे सहा महिने देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि बहुतेकदा जुनीच तारीख पुढे चालू ठेवतात. राहायचंच असेल तर मुदत संपण्याआधी रीतसर आय-५३९ (मुदतवाढीचा अर्ज) भरा.

साखरभात

बापरे. आत्ता नवऱ्याने त्या सहकाऱ्याला मेसेज टाकून विचारलं. निवडुंग, तुमचा अंदाज बरोबर, तो तेव्हा ओपीटीवरच होता. तुम्हाला मनापासून धन्यवाद, काय बोलू कळत नाहीये.

मग आता? सुट्ट्या मंजूर आहेत, लेकीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. देश न सोडता बेट मिळेल असं काही?

हळदीकुंकू

पोर्तो रिको! आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो म्हणून हक्काने सांगते.

नेवार्कहून तिथल्या राजधानीला, सान हुआनला, थेट विमान आहे, साधारण चार तास. लेओव्हर नाही, इमिग्रेशन नाही. अमेरिकेचाच भाग, त्यामुळे मिस्टरांच्या स्टॅम्पचा प्रश्नच येत नाही आणि आई-बाबांचं आय-९४ आहे तसंच चालू राहतं. तरी सगळ्यांचे पासपोर्ट, दोघांची आय-७९७ आणि आय-९४च्या प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. डिसेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे असतं.

परत येताना एक गंमत आहे. सान हुआनच्या विमानतळावर चेक-इनच्या आधी शेतीखात्याचं मशीन असतं. मुख्य भूमीकडे जाणारी प्रत्येक बॅग त्यातून काढावी लागते. फळं, रोपं, किडी इकडे येऊ नयेत म्हणून. आंबा नेऊ देत नाहीत. माझ्या सासूबाईंनी बॅगेत दोन आंबे घातले होते. तिथल्या बाईने ते शांतपणे काढून डब्यात टाकले, आणि सासूबाई विमानात बसेपर्यंत "चांगले पाडाला आलेले होते गं" म्हणत होत्या. गर्दीच्या दिवशी या रांगेला अर्धा तास जास्तीचा धरा.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर "राजमा-भात दिसतोय" म्हणून फसू नका. घेवड्यात बऱ्याचदा हॅमचा तुकडा घालून शिजवतात. मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून कुटलेली, त्यातही डुकराच्या कुरकुरीत चामडीचे तुकडे असतात. विचारून घ्या. तोस्तोनेस मात्र बिनघोर, चेपून तळलेली कच्ची केळी. आमच्या बाबांनी त्यावर मेतकूट भुरभुरून खाल्लं.

निवडुंग

पोर्तो रिकोला अनुमोदन. कोणी तरी आता सेंट थॉमस सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. यूएस व्हर्जिन आयलंड्स हाही अमेरिकेचाच भाग आणि तिथे स्टॅम्पशिवाय जाता येतं. पण कस्टमच्या दृष्टीने ते वेगळे मोजतात, म्हणून निघताना तिथल्या विमानतळावर अमेरिकन अधिकारी कागदपत्रं बघतात. कागद नीट असले की झालं.

धोका समुद्रात आहे. सेंट थॉमस आणि सेंट जॉनहून दिवसभराच्या बोटी निघतात, द बाथ्सचे मोठाले खडक दाखवायला किंवा योस्ट व्हॅन डाइकला. ती सगळी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. सकाळी बोटीत बसलात की दुपारी जेवणाच्या वेळेला तुम्ही अमेरिकेबाहेर, आणि संध्याकाळी मिस्टरांना परत यायला व्हिसा लागणार. पत्रकात हे बारीक अक्षरात असतं.

रिकामटेकडा

सान हुआनहून सेंट थॉमसला जाणाऱ्या काही विमानांत दहाच्या आत माणसं बसतात. तिकीट काढताना किंवा काउंटरवर तुमचं स्वतःचं वजन विचारतात आणि त्याप्रमाणे कोण कुठे बसणार ते ठरवतात. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यात चढणं मुश्किल. मी एकाच बेटावर राहायचं म्हणेन.

आणि रात्री चमकणारं पाणी बघायचा बेत असेल तर पंचांग काढा. शेजारच्या व्हिएकेस बेटावरचा मॉस्किटो बे प्रसिद्ध आहे, पण सान हुआनहून सोयीचा पडतो फाहार्दोचा लागुना ग्रांदे, गाडीने तासाभरावर. पाण्यातले एकपेशीय जीव हलवलं की निळे चमकतात. कोकणात कधी लाटा अशा पेटलेल्या बघितल्या असतील तर तोच प्रकार, इथे फक्त वर्षभर. मात्र त्याला काळोख लागतो. यंदा दत्तजयंती नाताळाला अगदी चिकटून आहे, म्हणजे तुमच्या मधल्या रात्री भरपूर चांदणं. २० तारखेलाही चंद्र बराच मोठा असेल. २६ला चंद्र अंधार पडल्यावर काही वेळाने उगवेल, तेव्हा त्या दिवसाची पहिली फेरी विचारून बघा.

साखरभात

ठरलं. नेवार्क-सान हुआन थेट, २० ते २७, पाच तिकिटं काढली. ग्रेनाडापेक्षा स्वस्त पडली, एवढं बाबांना सांगितल्यावर त्यांनी सहा महिन्यांचा विषय काढला नाही. आई जरा हिरमुसल्या आहेत. नवऱ्याचं स्टॅम्पिंग झालं की पुढच्या वर्षी जायफळ.

आता शेवटचा प्रश्न. मुक्काम जुन्या सान हुआनमध्ये करावा की विमानतळाजवळ इस्ला व्हेर्देला? जुनं गाव फोटोत फार देखणं दिसतंय.

हळदीकुंकू

देखणं आहेच, पण निळसर दगडी विटांचे रस्ते आणि चढउतार, गुडघ्यांना शत्रू. व्हीलचेअर तर दणके खात जाते. इस्ला व्हेर्देला राहा. समुद्र समोर, विमानतळ दहा-पंधरा मिनिटांवर. जुन्या गावात एक दिवस टॅक्सीने जा. एल मोरो किल्ल्यासमोर मोठं हिरवं मैदान आहे, लेकीला तिथे पतंग उडवू द्या. मैदानाच्या तोंडापासून किल्ल्याच्या दारापर्यंत बरंच चालायचंय आणि सावली नाही, तेव्हा आईंना घेऊन सकाळी लवकर गाठा. विमानतळावर लोकलगाडी येत नाही, टॅक्सी किंवा उबर.

व्हीलचेअरची नोंद ४८ तास आधी फोन करून पक्की करा, नुसती वेबसाइटवर टिचकी मारून सोडू नका. जाताना आणि येताना दोन्ही विमानांना वेगळी लागते.