कोरियन आधुनिक कलेसाठी म्युझियम एक्सचेंज फेलोशिप: अर्जाआधी सल्ला हवा आहे

शाईदौत

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. गेली सहा वर्षं अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या म्युझियममध्ये आशियाई कला विभागात असिस्टंट क्युरेटर आहे. कोरियन आधुनिक कलेवर काम करणाऱ्यांसाठी चार महिन्यांची एक्सचेंज फेलोशिप निघाली आहे. आपण सोलला जायचं आणि तिथला एक क्युरेटर तेवढेच दिवस आपल्याकडे येणार. अर्जाला पाच आठवडे उरलेत.

माझं शिक्षण भारतीय लघुचित्रांचं. कोरियाकडे वळले ती आमच्या स्टोअरमधल्या अकरा वस्तूंमुळे. कोरियन युद्धानंतर सोलमध्ये नोकरीला असलेल्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्यांनी त्या दिल्या. त्यात हार्डबोर्डवरचं एक छोटं तैलचित्र आहे: डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई आणि एक निष्पर्ण झाड. चित्रकाराचं नाव आमच्या नोंदीत नाही.

प्रश्न तीन. विषय कोणता मांडू? सध्या दान्सेकह्वाची, म्हणजे १९७० च्या दशकातल्या त्या एकरंगी चित्रांची चलती आहे, ते घेऊ का? कोरियन भाषा किती लागते? आणि चार महिन्यांत सोलमध्ये नेमकं कुठे बसावं?

हानकाठ

ताई, अभिनंदन, आणि अर्ज नक्की करा. मी सोलमध्ये नऊ वर्षं आहे, एका कलासंस्थेसाठी भाषांतराचं काम करतो.

सगळ्यात आधी ‘आधुनिक’ म्हणजे कुठलं, ते ठरवा. कोरियनमध्ये त्याला दोन शब्द आहेत. ‘गुन्दे’ म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी राजवट संपेपर्यंतचा काळ. काही जण तो कोरियन युद्धापर्यंत ओढतात. त्यानंतरचं ते ‘ह्योन्दे’. आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या ह्युंदाई गाडीचं नाव म्हणजे हाच शब्द. इंग्रजीत दोन्हीला मॉडर्न म्हणून मोकळं होता येतं, पण सोलमध्ये अर्ज वाचणारा माणूस पहिल्याच परिच्छेदात विचारणार की तुमचं काम यातल्या कुठल्या काळावर आहे. दोन्हींवर पाय ठेवून लिहिलंत तर अर्ज ढिला वाटतो. लॉस एंजलिसच्या लॅक्मा या कलासंग्रहालयात २०२२ साली जे मोठं प्रदर्शन झालं त्यांनी १८९७ ते १९६५ अशी हद्द आखून घेतली होती. तशी स्पष्ट हद्द तुम्हीही आखा.

बसायच्या जागा: राष्ट्रीय आधुनिक आणि समकालीन कला संग्रहालयाच्या चार शाखा आहेत, ग्वाचॉन, दॉक्सुगुंग, सोल आणि चॉन्गजू. सोलची इमारत २०१३ ची, चकचकीत, सगळे पाहुणे तिथेच जातात. तुमचं काम मात्र दॉक्सुगुंगला आणि ग्वाचॉनला. दॉक्सुगुंगची शाखा राजवाड्याच्या आवारात, १९३८ साली बांधलेल्या दगडी इमारतीत आहे आणि गुन्दे काळाची मोठी प्रदर्शनं तिथे होतात. ग्वाचॉनला संशोधन केंद्र आहे. चित्रकारांच्या घरून आलेली पत्रं, वह्या, कात्रणं तिथे बघायला मिळतात. सोल म्युझियम ऑफ आर्टने प्याँगचांग-दोंगमध्ये २०२३ साली उघडलेलं आर्काइव्हही चुकवू नका.

जेवणाचं एक: शाकाहारी असाल तर नुसत्या भाजीच्या सूपवर विश्वास ठेवू नका, पाणी बहुतेकदा सुकटीचं असतं.

जुनाजेजे

दान्सेकह्वा नको, असं माझं स्पष्ट मत. चांगली चित्रं आहेत यात वाद नाही, पण त्यावर लिहिणारे आता खूप झाले. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच विषयावर एका परदेशी संस्थेकडे अर्ज केला होता, वर्षभर खपून. उत्तर आलं की प्रस्ताव चांगला आहे, पण असे बरेच आहेत. फार वाईट वाटलं होतं.

तुम्ही भारतीय कलेतून आलात ते लपवू नका. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. त्याच वर्षी सोलमध्ये किम ह्वानगी, यू योंगगुक आणि ली ग्यूसांग यांनी ‘सिनसासिलफा’ नावाचा चित्रकारांचा गट स्थापला. ओळख ना पाळख, तरी दोन्हीकडे परक्यांची राजवट नुकतीच संपलेली आणि दोन्हीकडे प्रश्न तोच: शिकलो ते राज्यकर्त्यांच्या पद्धतीने, आता आपलं काय? आपल्या मुलांनी ते जे. जे.मध्ये साहेबाकडून घेतलं, किम आणि यू यांनी टोकियोत. तुलना ओढूनताणून करू नका. मात्र हा प्रश्न तुम्हाला जितक्या जवळून कळेल तितका तुमच्या विभागातल्या इतरांना कळणार नाही, हे अर्जात दोन वाक्यांत यायला हवं.

कागदवेडी

मी कॉन्झर्व्हेटर आहे, कागदाची, म्हणजे कागदावरच्या जुन्या कलाकृती जपण्या-दुरुस्त करण्याचं काम करते. जुनाजेजेकाकांच्या मताशी सहमत, पण मला ते हार्डबोर्डवरचं चित्र सोडवत नाहीये.

ताई, विषय तुमच्या स्टोअरमध्येच आहे! युद्धाच्या काळात पार्क सूगुनसारखा चित्रकार अमेरिकन लष्कराच्या पीएक्समध्ये, म्हणजे सैनिकांसाठीच्या दुकानात, सैनिकांची पोर्ट्रेट्स काढून घर चालवत होता. पुढे सोलच्या बान्दो हॉटेलातल्या गॅलरीतून परदेशी लोक चित्रं विकत घेत. ती त्यांच्या सामानातून अमेरिकेत गेली, दिवाणखान्यांत लागली आणि आता नातवंडं ती म्युझियमला देत आहेत. हा सगळा प्रवास कोरियातल्या अभ्यासकांना तिथे बसून दिसत नाही. एक्सचेंज म्हणतात ना, तर तुम्ही त्यांना हेच देऊ शकता. तुमच्याकडे येणाऱ्या क्युरेटरला ही अकरा वस्तूंची पेटी उघडून द्या.

फक्त एक हात जोडून विनंती. गाठोडंवाली बाई आणि निष्पर्ण झाड म्हटल्यावर पार्क सूगुनचं नाव ओठांवर येतं. अर्जात ते लिहू नका. २००५ साली त्याच्या आणि ली जुंगसॉप या दुसऱ्या चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या बनावट चित्रांचं फार मोठं प्रकरण झालं होतं, लोक अजून पोळलेले आहेत. ‘चित्रकार अज्ञात’ असंच लिहा आणि वस्तू कुठून कशी आली त्याची साखळी मांडा. पार्कचा रंग थरावर थर चढून ग्रॅनाइटसारखा खरखरीत होतो. तुमच्या चित्रावर बाजूने तिरका उजेड टाकून फोटो काढा आणि पृष्ठभाग कसा दिसतो तेवढंच नोंदवा.

हे का सांगते? मी एकदा ली जुंगसॉपचं सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावरचं चित्र जवळून पाहिलं. तळहाताएवढं. टोकदार वस्तूने रेघा ओढायच्या, वरून रंग फासायचा, पुसून घ्यायचा. रंग फक्त खाचेत उरतो. समोरून पाहिलं तर नुसता मळका कागद. उजेड आडवा केला आणि एकमेकांना बिलगलेली उघडी मुलं वर आली. बायको-मुलं १९५२ साली जपानला गेली, हा १९५६ साली सोलच्या इस्पितळात एकटा गेला. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात अशी तीन आहेत, कोरियात राहिलेल्या एका अमेरिकन माणसानेच दिलेली. म्हणजे तुमच्या पेटीसारखीच वाट.

हानकाठ

कागदवेडीताई, +१. भाषेचं राहिलं होतं. हंगुल अक्षरं आठवड्याभरात येतात, ती आजच सुरू करा. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी असेल तर बैठकीत तग धरता येतो. खरी अडचण वेगळी आहे: १९४५ पूर्वीचे कागद जपानीत किंवा चिनी अक्षरं मिसळलेल्या कोरियनमध्ये असतात, आणि तिथे आजचे तरुण कोरियनही अडतात. भाषांतराला माणूस लागेल, त्याचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा.

नावांची एक वही ठेवा. प्रत्येक चित्रकारामागे हंगुल, चिनी अक्षरं, रोमन स्पेलिंगचे सगळे प्रकार आणि असेल तर जपानी उच्चाराचं नाव. एकच ‘ली’ कुठे यी, कुठे री असा सापडतो. मी दोन माणसं समजून शोधत बसलो ती एकच निघाली, असं झालंय.

आणि उत्तर कोरियाला गेलेल्या चित्रकारांना विसरू नका. त्यांतला ली क्वेदे युद्धकैदी होता, १९५३ साली त्याने उत्तर कोरिया निवडला आणि दक्षिणेत त्याचं नाव घेणंही बंद झालं. बायकोने चित्रं घरात दडवून जपली. बंदी उठली १९८८ साली, आणि २०१५ ला दॉक्सुगुंगला त्याचं मोठं प्रदर्शन लागलं. एखादा चित्रकार ‘अज्ञात’ का राहिला, याचं उत्तर कधीकधी असंही असतं.

शाईदौत

काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी रात्र जागवलीत. दान्सेकह्वाचा मसुदा बाजूला ठेवला. विषय ठरला: १९५० च्या दशकात सोलमधून परदेशी लोकांच्या सामानातून बाहेर गेलेली चित्रं, सुरुवात आमच्या अकरा वस्तूंपासून. काका, मुंबईची दोन वाक्यं लिहून तुम्हाला दाखवते, ओढूनताणून वाटली तर सांगा.

आज रजिस्ट्रारबाईंशी बोलले. गाठोडंवाल्या बाईच्या चित्राची फ्रेम उघडायची परवानगी मिळाली. चित्राच्या मागच्या बाजूला काय आहे ते आजवर आमच्याकडे कुणी पाहिलेलंच नाही. सोमवारी सकाळी खाली काढतोय. कागदवेडीताई, तिरक्या उजेडातले फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते.