मदत हवी आहे: गिरणा आणि उकाई, एवढ्या मोठ्या पाण्यात गळ टाकायचा तरी कुठे?

नमस्कार मंडळी, मी अमळनेर तालुक्यातला. शेती करतो, आणि आबांबरोबर लहानपणापासून गळाने मासे धरतो. आमचं सगळं शिक्षण बोरी नदीच्या डोहात आणि गावाजवळच्या पाझर तलावात झालं. तलाव एवढाच की ह्या काठावरून हाक मारली की त्या काठाला ऐकू जाते, त्यामुळे मरळ कुठल्या बेशरमाच्या जाळीत बसते, चिलापी कोणत्या टायमाला कडेला येते, सगळं पाठ आहे. मोठ्या धरणावर मात्र माझं काहीच चालत नाही.

गेल्या वर्षी गिरणा धरणावर दोन दिवस काढले. गाडी जिथे लागली तिथूनच उतरलो आणि गळ टाकले, ही पहिली चूक. समोर नुसतं पाणीच पाणी, पलीकडचा काठ धुरकट दिसतो. दहा वाजल्यानंतर असा वारा सुटला की फ्लोट टाकला की पाच मिनिटांत परत आपल्याच पायाशी. दोन दिवसांत बोटभर लांबीची एक चिलापी लागली, तीही सोडून दिली. आणि आमच्या डोळ्यांसमोर एक मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आला, जाळ्यात चांगले तीन-चार किलोचे कटले. म्हणजे मासा होता, आम्हालाच ठिकाण कळत नव्हतं. आबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत, मग जेवताना एवढंच म्हणाले, "पोऱ्या, आधी पानी देख, मंग गळ टाक."

तर आता फेब्रुवारीत परत जायचंय. कपाशी उपटून झालीये, हरभरा काढणीला यायला महिनाअखेर उजाडेल, मधले चार दिवस मोकळे आहेत. दोन दिवस गिरणा, दोन दिवस उकाई असं डोक्यात आहे. उकाईला अमळनेरहून सुरत लाईनची गाडी धरली की उकाई सोनगडला उतरता येतं, आणि वाटेत नवापूर स्टेशनवरचा तो अर्धा महाराष्ट्रात अर्धा गुजरातमध्ये असलेला बाक आबांना बघायचाच आहे. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं तेव्हा आबा शाळेत होते. बोरी तापीला मिळते, गिरणाही तापीलाच मिळते आणि तापी उकाईत अडवलीये, त्यामुळे आबांच्या हिशोबाने ते सगळं आपलंच पाणी. त्यांचा गुडघा दुखतो आणि आता किती वर्षं असं फिरता येईल माहीत नाही, म्हणून ह्या वेळी मला खरंच मनापासून त्यांच्या हाताला एक चांगला मासा लागलेला बघायचाय.

तयारी म्हणून यूट्यूबवर अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास ह्या माशाचे व्हिडिओ भरपूर बघितले. तिकडे अनोळखी मोठ्या तलावावर जायच्या आधी लोक नकाशा काढून बसतात, पाण्याखालची जुनी नदी कुठून वाहत होती, बुडालेला रस्ता कुठे, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक कुठे, आणि मग तेवढ्याच जागा तपासतात. बास आपल्याकडे नाही, पण मरळ वागायला बरीच तशीच वाटते, गवतात दबा धरून बसणारी, पिल्लांची राखण करणारी, आणि फ्रॉग लूरवर (बेडकासारखं नकली आमिष) तुटून पडणारी. मग ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल का?

विचारायचं असं आहे की काठावरूनच धरायचंय (आबांना पोहता येत नाही, त्यांना नावेत बसवणार नाही), तर सुरुवात कुठल्या बाजूने करू? मरळच्या मागे लागू की कणकेचा गोळा आणि पेंड घेऊन रोहू-मृगळसाठी बसू? आणि परवानगी कोणाची घ्यायची? रॉड दोन आहेत, एकावर ३० पौंडाची ब्रेड (विणलेली दोरी), दुसऱ्यावर साधी नायलॉन.

प्रतिसाद:

भाऊ, मी चाळीसगावकडचा, गिरणेवर बरीच वर्षं जातोय. आधी परवानगीचं बोलतो. धरणातली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते, त्यांच्या माणसाला भेटल्याशिवाय गळ टाकू नका. भिंतीच्या आणि दरवाज्यांच्या बाजूला तर जायचंच नाही. एकदा ओळख झाली की हीच माणसं तुम्हाला जागा दाखवतात, चहा पाजून बसा त्यांच्याजवळ.

नकाशाची पद्धत शंभर टक्के चालते. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, त्यात जुन्या तारखांचे फोटो बघता येतात. दुष्काळी वर्षातला मे-जूनचा फोटो लावा, धरणाचा तळ उघडा दिसेल, जुनं पात्र, नाले, शेतांचे बांध, सगळं. जिथे नाला जुन्या पात्राला मिळतो आणि काठापासून फार लांब नाही अशा दोनच जागा निवडा. अख्खं धरण फिरायला गेलात तर दोन दिवस चालण्यातच जातील.

बास आणि मरळ एक समजू नका मात्र. बास थंडीत खोल पाण्यात सरकतो, मरळला वर येऊन हवा घ्यावी लागते, ती उथळ गवत सहसा सोडत नाही. त्यामुळे मरळसाठी बॅकवॉटरचे फाटे, आणि सकाळी सातला नाही, ऊन पडून पाणी जरा तापलं की मग. फ्रॉगवर फटका पडला की लगेच ओढू नका, मनात दोन आकडे मोजा आणि मग झटका द्या. पावसाळ्यात लाल पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना दिसला तर त्या जोडीला हात लावू नका, ते मासे गेले की पिल्लं कोणीही खातं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवर्तन. रब्बीचं पाणी कालव्याला सुटलं की काठ रोज मागे सरकतो आणि मासा उथळातून खोलात उतरतो. आवर्तन चालू असेल तर गवताचा नाद सोडा, नाल्याच्या तोंडाशी पेंड टाकून बसा, दोन्ही दिवस एकाच जागी टाका. आबांना तिथेच खुर्ची टाकून द्या, नायलॉनचा रॉड त्यांच्याकडे, मृगळ तळाशी खातो, गोळा तळाला टेकू द्या. ब्रेड तुम्ही घ्या.

धागाकर्ता:

भाऊ, खूप खूप आभार. रात्री भाच्याच्या लॅपटॉपवर फोटो उघडला. आधी मला नुसती करडी जमीन दिसत होती, आबांनी चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं आणि एका बारीक रेषेवर बोट ठेवलं, "हाऊ बांध शे," आणि त्याच्या खालून वाकडा गेलेला नाला. तो थेट पात्राला मिळतो, आणि काठापासून गळाच्या टप्प्यात आहे. जागा पक्की झाली. आवर्तनाची तारीख कालव्याच्या खालच्या बाजूच्या पाहुण्यांना विचारतो, ती त्यांना आमच्यापेक्षा आधी कळते.

उकाईचं मात्र अजून अडलंय. सोनगड किंवा नवापूरच्या बाजूचं कोणी असेल तर सांगा, गुडघेदुखीच्या माणसाला उतरता येईल असा कमी चढाचा काठ कुठल्या अंगाला आहे?