विषय: आई-बाबांना साउथ केन्सिंग्टन दाखवायचंय, दिवस एकच

मुग्धा, रेडिंग – १४ मे २०१९

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा २६ तारखेला सांगलीहून येताहेत. तीन आठवडे राहतील, पण लंडनसाठी खऱ्या अर्थाने एकच मोकळा दिवस मिळतोय, शुक्रवार ३१ मे. मुलाची हाफ टर्मची सुट्टी आहे, मलाही रजा मिळाली आहे. लंडन आय आणि टॉवर ब्रिज बाबांनी फोटोत पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे ते "म्युझियम दाखव" म्हणतात. म्हणून साउथ केन्सिंग्टन ठरवलं. आता यादी केली तर ती अकरा ठिकाणांची झाली: तिन्ही मोठी म्युझियम्स (नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट), केन्सिंग्टन पॅलेस, अल्बर्ट मेमोरियल, अल्बर्ट हॉल, डिझाइन म्युझियम, ब्रॉम्प्टन ऑरेटरी आणि अजून काय काय.

आईचा उजवा गुडघा दुखतो, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहवत नाही. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते, जे. जे.मध्ये शिकलेले. मुलगा आठ वर्षांचा, त्याला डायनोसॉर सोडून काहीही नको. यातलं काय ठेवू आणि काय गाळू?

मुग्धा

अनंत, हॅरो – १५ मे

मुग्धा,

अकरा नकोत. दोन ठेव. सकाळी नॅचरल हिस्टरी, दुपारनंतर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. मधल्या वेळेत जेवण आणि आईला विश्रांती. शुक्रवार निवडलास हे फार बरं केलंस, त्या दिवशी व्हीअँडए रात्री दहापर्यंत उघडं असतं, घाई करायचं कारण नाही.

मी या भागात चाळीस वर्षं पाहुणे फिरवतो आहे. अनुभव एकच: तीन म्युझियम्स एका दिवसात पाहणाऱ्या माणसाच्या लक्षात फक्त पायऱ्या राहतात.

आधी थोडं या परिसराबद्दल, कारण बाबा विचारतील. १८५१ साली हाइड पार्कात जे मोठं प्रदर्शन भरलं, त्याला साठ लाख लोक येऊन गेले आणि सगळा खर्च जाऊन १,८६,००० पौंड उरले. त्या पैशांतून पार्काच्या दक्षिणेची ८७ एकर जमीन घेतली गेली. आज तिथे ही म्युझियम्स, इम्पीरियल कॉलेज, अल्बर्ट हॉल असं सगळं एकमेकांना लागून उभं आहे. एक्झिबिशन रोड हे नाव त्या प्रदर्शनावरून आलं. आजूबाजूची पांढऱ्या खांबांची घरं, झाडांचे बंदिस्त चौक, तो सगळा देखणेपणा त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतला.

आता बाबांसाठीची खरी गोष्ट. हे मी दर पाहुण्याला सांगतो, आणि बहुतेक मराठी माणसांना ते ठाऊक नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. साउथ केन्सिंग्टनचं म्युझियम, म्हणजे आजचं व्हीअँडए, जून १८५७ मध्ये उघडलं. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. १८६५ साली इथे तयार झालेले दोन तरुण मुंबईला जे. जे.मध्ये शिकवायला गेले, एक लॉकवुड किपलिंग आणि दुसरे जॉन ग्रिफिथ्स. पुढे १८७२पासून १८८५पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांतल्या अंधारात, धुळीत बसून त्या मुलांनी भिंतींवरच्या चित्रांच्या तेलरंगात प्रती केल्या, साधारण तीनशे. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांत होते. खर्च मुंबई सरकारचा. आणि त्या प्रती पाठवल्या कुठे? इथे, साउथ केन्सिंग्टनला.

१८८५ साली इथे आग लागली आणि शंभराहून जास्त प्रती जळून गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या प्रती लंडनमध्येच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत, १८६६ साली गेल्या होत्या. म्हणजे अजिंठा लंडनमध्ये दोनदा जळला. हे वाक्य मी उच्चारतो तेव्हा आजही माझा आवाज हलतो.

ग्रिफिथ्सबद्दल एकच बाजू सांगणं मात्र बरोबर होणार नाही. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश फिरवलं. पुढे ते काळवंडलं, त्यावर धूळ बसली, आणि मूळ रंगांचं नुकसान झालं. ज्यांनी प्रती जपल्या त्यांच्याच हातून मूळ चित्रांना इजा झाली. दोन्ही खरं आहे आणि बाबांना दोन्ही सांग.

वाचलेल्या प्रती व्हीअँडएकडे आहेत. पण भल्यामोठ्या कॅनव्हासवरच्या असल्याने बहुतेक कोठारात असतात, दालनात दिसतील या आशेने नेऊ नकोस. म्युझियमच्या साइटवर त्यांचे फोटो आहेत, आदल्या रात्री बाबांना घरी बसून दाखव. दुसऱ्या दिवशी इमारतीकडे ते वेगळ्या नजरेने बघतील.

तिथे प्रत्यक्ष बघायचं ते: मधल्या बागेच्या भिंतीवरच्या सजावटीत या इमारतीवर राबलेल्या कलाकारांची मिरवणूक आहे, तिच्यात लॉकवुड किपलिंग आहेत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं करणारे तेच. बाबांना शोधू दे. भारतीय दालनात टिपूचा वाघ. मग कास्ट कोर्ट्स, म्हणजे प्लास्टरच्या प्रतींची दालनं, नूतनीकरणानंतर गेल्या डिसेंबरात पुन्हा उघडली आहेत. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभाची पूर्ण उंचीची प्लास्टरची प्रत छतात मावत नाही म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचीही प्रत आहे. राजघराण्यातल्या बायका आल्या की त्याला लावायचं प्लास्टरचं अंजिराचं पान मागच्या बाजूला वेगळं ठेवलंय.

केन्सिंग्टन पॅलेसला तिकीट आहे आणि आत जिने-दालनं बरीच, या खेपेला गाळ. बाहेर व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे, तिची मुलगी लुईझ हिनेच घडवलेला. वेळ उरला तर तेवढा बघा. या २४ तारखेला व्हिक्टोरियाच्या जन्माला दोनशे वर्षं होताहेत, त्यामुळे गर्दीही असेल.

अनंतकाका

स्वाती, हाउन्स्लो – १५ मे

मुग्धा, काकांनी बाकी सगळं सांगितलंय, मी फक्त गुडघ्याचं बोलते. माझ्या सासूबाईंना मागच्या वर्षी याच फेरीला नेलं होतं.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनला लिफ्ट नाही. तिथून म्युझियमपर्यंत जाणारा लांब भुयारी रस्ता पावसात सोयीचा, पण त्याच्या दोन्ही टोकांना पायऱ्या आहेत. त्यापेक्षा १४ किंवा ७४ नंबरची बस व्हीअँडएच्या दाराजवळ सोडते. व्हीअँडएच्या क्रॉमवेल रोडवरच्या मोठ्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणून एक्झिबिशन रोडकडच्या नव्या चौकातून आत जा. आत व्हीलचेअर मागितली की फुकट मिळते. आईंना व्हीलचेअर म्हटलं की संकोच वाटतो, माहीत आहे. तर घडीचं स्टूल घ्या, तेही तिथेच मिळतं, काखेत अडकवून कुठल्याही वस्तूसमोर बसता येतं. सासूबाईंनी स्टूल घेतलं आणि तासाभराने स्वतःच व्हीलचेअर मागितली.

नॅचरल हिस्टरीलाही हाफ टर्ममध्ये मुख्य दाराशी रांग लागते. एक्झिबिशन रोडच्या बाजूचं दार धरा. आत गेल्या गेल्या स्टेगोसॉरसचा सांगाडा समोर, पोरगं लगेच खूश, आणि मागे पृथ्वीच्या मोठ्या गोलातून वर जाणारा सरकता जिना.

डबा न्या. धपाटे, दही, लोणचं. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये अल्बर्ट मेमोरियलसमोर गवतावर बसून खाल्लेलं सासूबाईंना अजून आठवतं. पण चहा मात्र व्हीअँडएच्या जुन्या खोल्यांतच घ्या. म्युझियममध्ये उपाहारगृह ही कल्पनाच जगात पहिल्यांदा तिथे आली. विल्यम मॉरिसच्या कंपनीने सजवलेली खोली आहे, हिरवी. बाबांना तिथेच बसवा.

निखिल, क्रॉयडन – १६ मे

काकांशी एका बाबतीत असहमत, आदर ठेवून. सायन्स म्युझियम पूर्ण गाळू नका, अर्धा तास तरी द्या. परवा १८ मेला अपोलो १० च्या उड्डाणाला पन्नास वर्षं पूर्ण होतात, आणि त्या मोहिमेचं खरं कमांड मॉड्यूल तिथे तळमजल्यावर आहे. जळलेली, करपलेली बाजू हातभर अंतरावरून दिसते. तीन माणसं त्यात बसून चंद्रापर्यंत गेली आणि परत येताना ताशी ३९,८९७ किलोमीटर वेगाने आली. माणूस बसलेलं यान याहून वेगाने कधी गेलेलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, डायनोसॉर विसरेल.

त्याच म्युझियममध्ये पफिंग बिली आहे, टिकून राहिलेलं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं रेल्वे इंजिन. बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या चाळीसेक वर्षं आधीचं.

अनंत, हॅरो – १६ मे

निखिलचं म्हणणं मान्य. अर्धा तास, तेवढ्या एका दालनासाठी. मुलाला मुग्धाने न्यावं, आई-बाबांनी तोवर व्हीअँडएच्या बागेत बसावं.

आणि स्वातीने मेमोरियलचा उल्लेख केला म्हणून: चारी कोपऱ्यांवर चार खंडांचे शिल्पसमूह आहेत, आशियाचा हत्ती बघायला विसरू नका. समोरच्या अल्बर्ट हॉलमध्ये १९७४ साली लताबाई गायल्या. इतकं सांगितलं तरी आई मिनिटभर तिथे थांबतील.

मुग्धा, रेडिंग – २ जून

सर्वांचे मनापासून आभार. परवा जाऊन आलो. उशिरा कळवतेय, घरी पोचेपर्यंत अकरा वाजले आणि काल सगळे झोपून होतो.

सकाळी दहाला नॅचरल हिस्टरी. मुलगा डायनोसॉरांत हरवला, पण आईला आवडला तो मधल्या हॉलचा निळा देवमासा. पंचवीस मीटरचा सांगाडा छतातून खाली झेपावतोय असा टांगलाय. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला देवमासा, आता त्याचं नाव 'होप'. आई खाली बाकावर बसून तो कितीतरी वेळ बघत होती. बाबा मात्र वर न बघता भिंतींना हात लावत फिरत होते. भाजक्या मातीचे माकडं, मासे, पक्षी खांबाखांबांवर आहेत. इमारतीच्या पश्चिमेकडच्या भागावर आज जिवंत असलेले प्राणी आणि पूर्वेकडे नामशेष झालेले, हे कळल्यावर त्यांनी बाहेरूनही एक चक्कर मारली.

अजिंठ्याच्या प्रती आदल्या रात्री लॅपटॉपवर दाखवल्या होत्या. बाबा काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्ही जे. जे.ची मुलं सहलीला अजिंठ्याला गेलो तेव्हा पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची पेन्सिलने प्रत केली होती, कंदिलाच्या उजेडात. आपल्या आधी शंभर वर्षं त्याच शाळेतली पोरं तिथेच बसली होती हे कुणी सांगितलं नव्हतं. व्हीअँडएच्या बागेत त्यांनी किपलिंगना शोधून काढलं.

कास्ट कोर्टमध्ये ते सव्वा तास होते. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवूनच त्यांनी रेखाटन शिकलं होतं. ट्रेजनच्या स्तंभावर साच्याचे सांधे कुठे आहेत ते नातवाला एकेक करून दाखवले. टिपूच्या वाघापाशी पोराला ओढून न्यावं लागलं नाही. वाघाच्या पोटात बाजाच्या पेटीसारखं वाद्य आहे, हे त्यानेच आम्हाला वाचून दाखवलं.

स्वातीताई, आईने स्टूल घेतलं आणि चार वाजता व्हीलचेअर. त्यामुळेच अर्दबीलच्या गालिच्यापाशी निवांत थांबता आलं. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा इराणी गालिचा, रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने दहाच मिनिटं दिवे लावतात. आई दोनदा दिवे लागेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, या गालिच्यात विणलेले दोन दिवे सारखे नाहीत गं, एक मोठा आहे, एक लहान. मी माहितीफलक वाचला तर खरोखरच तसं होतं. सांगलीत पन्नास वर्षं दारात रांगोळी काढणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

निखिल, अपोलो बघितलं. पोराने तो वेग वहीत लिहून घेतलाय.

अनंतकाका, बाबा परत जाताना मुंबईत दोन दिवस थांबणार आहेत. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम १९७५पर्यंत 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट'च होतं, आणि भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेखही वाचले होते, हे त्यांनी आता मलाच सांगितलं. तिथे बुधवारी सुट्टी असते, म्हणून त्यांचं सांगलीचं तिकीट शुक्रवारचं काढलंय.

मुग्धा