‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ : तेराव्या प्रकरणावर गट फुटलाय, पुढं वाचायचं का?

पार्कचौक_वाचक

सोलापुरातल्या आमच्या वाचनगटानं या खेपेला सुझॅना क्लार्कची पहिली कादंबरी घेतलीय. 2004 सालची, आठशेच्या घरात पानं, तीन खंड, 69 प्रकरणं. नेपोलियनशी लढाई चालू असतानाचं इंग्लंड आणि त्यात दोन जादूगार. आता तेरा प्रकरणं झालीत आणि सरळ दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, ज्याचं नाव मुखपृष्ठावर आधी आहे तो स्ट्रेंज अजून उगवलेलाच नाही. तोवर त्या घुम्या, संशयी, पुस्तकं दाबून बसलेल्या नॉरेलच्या मागं किती हिंडायचं? दुसऱ्या तटाला नॉरेलच आवडलाय. यॉर्कच्या कॅथेड्रलमधले दगडी पुतळे बोलायला लागतात ते तिसरं प्रकरण भारी आहे, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तळटीपा वाचायच्या की सोडायच्या? उरलेला मजकूर बैठकांमध्ये कसा वाटून घ्यावा? आणि ज्यांना सोडायचंच आहे त्यांनी निदान कुठवर वाचावं? पुढचं काही फोडू नका, ही विनंती.

तळटीपवाला

तळटीपा दीडशेच्या वर आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. एक जात दोन-तीन ओळींची : अमुक जादूगाराचा तमुक ग्रंथ, प्रकाशक, साल. त्या नजरेखालून घातल्या तरी पुरे. दुसरी जात म्हणजे अख्खी गोष्टच. खाली सुरू होते आणि पुढची दोन-तीन पानं खात जाते. या दुसऱ्या जातीतली एकही सोडू नका. कारण उघड आहे. रेव्हन किंग, म्हणजे जादूगार राजा जॉन उस्कग्लास, यानं उत्तर इंग्लंडवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, हा कादंबरीचा पाया. पण मुख्य मजकुरात त्याचं नाव निघालं की नॉरेल विषय बदलतो. वाचकाला तो राजा भेटतो तो बहुतेक तळटीपांमध्येच. त्या सोडल्या तर तिसऱ्या खंडात सगळेजण कुणाबद्दल एवढे बिचकून बोलताहेत ते कळत नाही, आणि ‘शेवट एकदम आभाळातून पडला’ अशी तक्रार होते. ती तक्रार करणाऱ्यांना विचारून बघा, बहुतेकांनी तळटीपा गाळलेल्या असतात.

वाचायची रीत : वाक्य मधे तोडून खाली उडी मारू नका. परिच्छेद संपवा, मग टीप वाचा. लेखिकेचा टोमणा बऱ्याचदा वाक्याच्या शेपटीत असतो, मधेच खाली गेलात की तो हुकतो. किंडलवर आकड्याला बोट लावलं की छोटी चौकट उघडते, तिच्यात लांब गोष्ट मावत नाही. तेव्हा टिपेच्या पानावरच जा आणि परतीच्या खुणेवरून मागं या.

दोन शब्द आधीच माहीत असू द्या. ‘ऑरिएट’ म्हणजे सुवर्णयुगातले जादूगार, ‘अर्जेंटाइन’ म्हणजे त्यांच्यानंतरचे, रुपेरी काळातले. देशाशी काही संबंध नाही. आणि टिपांमधले जादूचे ग्रंथ नेटवर शोधत बसू नका, ते सगळे लेखिकेनं रचलेले आहेत. काही स्पेलिंगंही मुद्दाम जुन्या धाटणीची ठेवलीत. त्या छपाईच्या चुका नव्हेत.

होटगीरोड

तळटीपांचं कौतुक पुरे झालं. पहिल्या कादंबरीत जो दोष हमखास असतो तो इथंही आहे : जमवलेलं काहीच टाकवत नाही. लिहायला दहा वर्षं लागली म्हणे, ती दिसतात. ड्रॉलाइट आणि लॅसेल्स ही लंडनची दोन बांडगुळं घ्या. पहिल्या भेटीत मजा येते. तिसऱ्या दिवाणखान्यात तोच विनोद परत आला की पानं उलटावीशी वाटतात. स्ट्रेंजची ओळख चौदाव्या प्रकरणात, तीही त्याच्या बापाच्या गोष्टीतून. तो जादूगार व्हायला निघतो बाविसाव्यात, म्हणजे पहिला खंड संपताना. याला संयम म्हणा हवं तर, मी बांधणीतली चूक म्हणेन.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जादूला किंमत नाही आणि मर्यादाही कळत नाही. अकराव्या प्रकरणात नॉरेल पावसाची जहाजं करून ब्रेस्टच्या बंदरात फ्रेंचांना अडकवून ठेवतो. ठीक. पुढं स्पेनमध्ये स्ट्रेंज इंग्रज सेनापती वेलिंग्टनसाठी रस्ते उभे करतो. मग लढाई वर्षानुवर्षं का चालते? ज्याला हे जमतं त्याला काय जमत नाही, हे लेखिकेनं कुठंतरी बांधून द्यायला हवं होतं.

वाक्यं मात्र सुरेख आहेत, ते मान्य. ह्यूगो पुरस्कार (2005) मिळालाय म्हणून आवडलंच पाहिजे असा काही नियम नाही.

असई_1803

होटगीरोड, मर्यादा आहे की ओ. तुम्ही ती चुकीच्या जागी शोधताय. या कादंबरीत जादू म्हणजे बॅटरीसारखी संपणारी ताकद नाही, तो करार आहे. आणि तोटा नेहमी कराराच्या शब्दांत लपलेला असतो.

पहिल्यापासून बघा. नॉरेल यॉर्कच्या जादूगार-मंडळाशी काय करतो? मी जादू करून दाखवली तर तुम्ही स्वतःला जादूगार म्हणवणं सोडायचं, असं लिहून घेतो. सह्या सगळे करतात, एकटा सेगंडस नाही म्हणतो. पुतळे बोलतात आणि मंडळ बुडतं. आठव्यात हाच नॉरेल मेलेल्या मुलीला उठवण्यासाठी परीलोकातल्या त्या भुरभुऱ्या केसांच्या गृहस्थाशी सौदा करतो. मोबदला : तिचं अर्धं आयुष्य. नॉरेल मनात वर्षांची वाटणी करून मोकळा होतो. ‘अर्धं’ म्हणजे नेमकं कोणतं, हे विचारतच नाही. यॉर्कच्या लोकांना त्यानं जसं गुंडाळलं तसाच तो स्वतः गुंडाळला जातो. पंधरावं आणि सोळावं प्रकरण वाचा, मग किंमत नाही म्हणून सांगा.

लढाईबद्दल. स्ट्रेंज पोर्तुगालला पोहोचतो तेव्हा सेनापतीला काय मागावं हेच कळत नाही, आणि स्ट्रेंजला काय द्यावं ते. सैन्याला खरं काय लागतं? चिखल नसलेला रस्ता. म्हणून तो रस्ते करतो. तिथली पानं म्हणजे लष्करी पुरवठ्याचा धडाच आहे. आपल्या वाचकाला तर हा भाग जास्त जवळचा वाटायला हवा. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्यानं 23 सप्टेंबर 1803ला जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. बैल, दाणागोटा, नदीचा उतार यांचा हिशेब त्यानं इकडंच पक्का केला होता. कादंबरी 1817च्या वसंतात संपते. त्यानंतर वर्षभरानं, मे 1818 मध्ये, इंग्रज सेनानी मन्रोनं सोलापूरचा भुईकोट घेतला. म्हणजे ही मंडळी लंडनच्या दिवाणखान्यात जादूवर चर्चा झोडत होती तेव्हा आपल्या किल्ल्यावर अजून पेशव्यांचा अंमल होता. पुस्तकात हे अर्थातच नाही, पण डोक्यात ठेवून वाचलं तर इंग्रजी सभ्यतेवरचे टोमणे जास्त बोचतात.

होटगीरोड

कराराचा मुद्दा बरोबर आहे, तेवढं मागं घेतो. पण तो नियम नॉरेलच्या जादूला लागतो. स्ट्रेंज रस्ते करतो तेव्हा कुणाशी करार करतो? कुणाशीच नाही. आणि वॉटर्लूच्या वेळी ब्रुसेल्स शहराचं तो जे करतो ते तर

पार्कचौक_वाचक

अहो, फोडू नका म्हटलं होतं!

जुळेसोलापूर_42

आता बैठकांचं. मूळ खंडांच्या हद्दी पाळा : पहिला 1 ते 22, दुसरा 23 ते 44, तिसरा 45 ते 69. तुमचा तेरावर थांबा चुकून का होईना चांगला पडलाय, कारण तिथं रस्त्यावरचा जादूगार व्हिन्क्युलस भविष्य सांगून जातो. ते भविष्य वहीत उतरवून ठेवा, पुढं ओळ न् ओळ लागते. पुढची वाटणी :

14–22, मग 23–31 (स्पेन-पोर्तुगालची लढाई इथं आटोपते), मग 32–44, आणि शेवटी 45–69 एका दमात. तिसरा खंड तोडू नका. तिथं वेग एकदम वाढतो, मधे महिना गेला तर धागे सुटतात. 45वं प्रकरण हे स्ट्रेंजच्या पुस्तकाची प्रस्तावना आहे. छोटं आहे म्हणून कुणी उडवतं, तसं करू नका. रेव्हन किंगबद्दल सलग असं तिथंच मिळतं.

चर्चेत एक माणूस विसरला जातो : स्टीफन ब्लॅक, मंत्री सर वॉल्टर पोलचा काळा खानसामा. वर कुणीच त्याचं नाव घेतलं नाही. दोन जादूगारांच्या भांडणात सगळे गुंततात आणि खरी कथा चहाचा ट्रे घेऊन बाजूनं चाललेली असते. प्रत्येक बैठकीत एकानं फक्त स्टीफन आणि लेडी पोल (आठव्यात उठवलेली ती मुलगी) यांच्या प्रसंगांवर बोलावं. ती झपाटल्यासारख्या ज्या असंबद्ध गोष्टी सांगते त्या वेड म्हणून सोडू नका, नीट वाचा. स्ट्रेंजची बायको अ‍ॅराबेला, तिच्याबद्दल मात्र तक्रार खरी आहे. हुशार बाई आहे, पण पुस्तक तिला करायला फारसं काही देत नाही.

सोडायचंच असेल तर बाविसावं संपवून सोडा, त्याआधी नाही. आठवर सोडणाऱ्याला सौदा कळतो, पण त्याचा हिशेब कळत नाही.

ज्यांना स्ट्रेंजची घाई आहे त्यांच्यासाठी बीबीसीची 2015ची सात भागांची मालिका आहे, त्यात तो पहिल्याच भागात येतो. पण तळटीपांमधलं जग तिच्यात जवळजवळ नाही. आणि लेखिकेची ओळखच करून घ्यायची असेल तर ‘पिरानेसी’ (2020) घ्या. जाडीनं हिच्या निम्म्यापेक्षाही कमी, तळटीपांचा त्रास नाही.

पार्कचौक_वाचक

वाटणी गटावर टाकली. विरोधी तट बाविसाव्यापर्यंत यायला तयार आहे, एका अटीवर : ड्रॉलाइट आला की पान उलटायची मुभा.

तळटीपवाला

द्या मुभा. फक्त त्या पानाखाली टीप असेल तर ती वाचून उलटा म्हणावं.