मदत हवी आहे (२०२१ च्या अखेरची पोस्ट): कोविड लसीच्या एका डोसवर काकूला हॉलमध्ये सोडतील का?

पुढच्या रविवारी दादरला चुलतभावाचं रिसेप्शन आहे. हॉलच्या मॅनेजरने सांगितलंय, दोन्ही डोसचं सर्टिफिकेट आणि फोटो आयडी दाखवल्याशिवाय कुणालाही आत सोडणार नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा. २७ नोव्हेंबर २०२१ च्या महाराष्ट्र सरकारच्या आदेशाप्रमाणे पाहुणा नियम मोडताना सापडला तर त्याला ५०० रुपये, पण जागेच्या मालकाला १०,००० दंड.

अडचण काकूची आहे. पहिल्या डोसनंतर अर्ध्या तासात तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. डॉक्टरांनी दुसरा डोस घेऊ नका म्हणून सांगितलं, पण तोंडी! त्याच आदेशात वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं असं आहे. ते साध्या लेटरहेडवर चालतं का? रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का लागतो का? कुणी हॉलवर किंवा मॉलमध्ये असं दाखवलंय का? गेटवरच्या वॉचमनला मोबाइलवरचा क्यूआर कोडच कळतो, हीच भीती.

घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, गर्दीत जायचं तर नियम पाळायलाच हवा. पॅरिसमधला भाचा सांगतो, तिथे ऑगस्ट २०२१ पासून कॅफेत बसायलाही कोविडचा पास लागतो. काका मात्र भडकलेत, "लस ऐच्छिक म्हणता आणि दारात अडवता?" मला दोघांचंही पटतं, पण तूर्त काकूला आत न्यायचंय. तिने पैठणीला फॉल-पिको करून आणलाय.

अनुभव असेल तर प्लीज सांगा.